ज्याची नांद, त्याचं झाकण

१८ एप्रिल १९६८

ही वही रंगाच्या मापांची आहे. कोणत्या सुताला किती हिरडा, किती हिराकस, किती वेळ उकळी, हे मी तीस वर्षांपासून हिच्यात लिहितो आणि पानाच्या कोपऱ्याला त्या रंगाच्या धाग्याचा तुकडा बांधतो. आज माप नाही. आज डोकं तापलेलं आहे, आणि बायको, जिजाबाई, म्हणते, "माह्यापाशी ओरडू नोका, तुमच्या वहीपाशी ओरडा." म्हणून वहीपाशी आलो. मास्तरांनी शुद्ध लिहायला शिकवलं होतं, जमेल तेवढं तसं लिहितो. राग चढला की घरची बोली येईल, त्याला इलाज नाही.

झालं ते असं. आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीमागे चिंचतलाव आहे. उन्हाळ्यात पाणी अर्ध्यावर आलं की शहराची कमेटी गाळ काढते आणि मौद्याकडचे शेतकरी बैलगाड्या घेऊन तो वावरात टाकायला नेतात. माझ्या आज्याच्या काळापासूनची रीत आहे. पहिली गाडी भरली की आमच्या बायका गाळाला हळदकुंकू लावतात. यंदा तिसऱ्याच दिवशी गाड्या थांबल्या. रामाजी म्हणून एक म्हातारा शेतकरी दरवर्षी येतो. तो गाडीवरून उतरला, आमच्या गल्लीची नाली तलावात पडते तिथून काढलेला चिखल मुठीत घेतला आणि दाबला. बोटांमधून पिवळं पाणी गळालं. म्हणाला, "मागच्या साली हाच नेला होता मी. वांग्याचा वाफा जळून गेला पुरा. हा गाळ नोको आमाले." सगळ्या गाड्या रिकाम्या परत गेल्या.

मग गाळ काढणाऱ्या ठेकेदारानं तो चिखल कुठे टाकावा? यमुताईच्या विहिरीच्या कडेला. चाळीस घरं त्या विहिरीचं पाणी पितात. मी म्हटलं, अरे बावा, इथं टाकशीन तं झिरपून सगळं विहिरीत जाईन. तर कमेटीचे ओव्हरसिअर मनोहरराव छत्री मिटत म्हणाले, "तुमच्याच गल्लीची घाण आहे, नत्थूजी. रंगाऱ्यांचा चिखल रंगाऱ्यांच्या दारात."

चार पिढ्यांच्या रंगाऱ्याला हे ऐकवता? आमचा रंग तलावात उतरला असता तर काळा उतरला असता, निळा उतरला असता. हळदीचा पिवळा सोडून आम्हाला जमाना झाला. पिवळा आमचा काहून असन?

२० एप्रिल

सकाळी यमुताईनं हाक मारली. विहीर तिच्या अंगणात आहे. म्हातारी एकटी राहते, माग चालवते, आणि विहिरीपाशी कोणी चप्पल घालून आलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. आज मात्र आवाज बारीक होता. तिनं बादली ओढली आणि पांढऱ्या बशीत पाणी ओतून माझ्यापुढे धरलं. "पाहा बरं. माह्ये डोळे फसवून राहिले का?"

डोळे फसवत नव्हते. तांदळाच्या धुवणात हळदीचं बोट बुडवावं एवढीच झाक होती, पण होती. दुसऱ्या कोणाला दिसली नसती. रंगाऱ्याला दिसते. मृगाला सात आठवडे आहेत. पाऊस त्या ढिगावर पडला की ढीग विहिरीत, आणि विहीर गेली की चाळीस घरांच्या बायका हंडे घेऊन मोठ्या सडकेच्या नळावर. एवढं मनोहररावांना कळत नाही, आणि पगार घेतात.

घरी आलो तर वसंतनं कत्थई सूत वाळत टाकलं होतं. तेवढं पाहून जीव थंडावला. माझ्या पोराचा कत्थई सध्या साऱ्या नागपुरात विचारतात. कातात रंगवलेलं सूत उन्हात फिकं पडते, याचं पडत नाही. दोन वर्षं झाली, कसा करतो ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घराचा कायदाच आहे, ज्याची नांद त्याचं झाकण. माझ्या बापाचा काळा रंग त्याच्या सख्ख्या भावानं झाकण उचलून चोरला, आणि दोन घरं कायमची तुटली. तेव्हापासून दुसऱ्याच्या रंगाच्या नांदेवरचं झाकण आम्ही उचलत नाही, आत काय आहे विचारत नाही, सांगत नाही. वसंतनं आठ वर्षांचा असताना माझ्या नांदेचं उचललं होतं. अशी कानफटात दिली की तीन दिवस त्याचा कान वाजत होता. पुन्हा या घरात कोणाची हिंमत झाली नाही.

२१ एप्रिल, रविवार

चोर सापडला. गल्लीच्या टोकाला ताराचंदचा कारखाना आहे. सायकलीच्या दांड्यांना चकाकी चढवतात. तीन वर्षं झाली त्याला येऊन. त्याची नालीही तीच, आमच्या घरांमागून विहिरीच्या बाजूनं तलावात जाणारी. आज आत घुसून पाहिलं. टाक्यांमध्ये पिवळं-नारिंगी पाणी. कामगारांचे हात पाहून तर अंगावर काटा आला. बोटांवर गोल गोल खड्डे, कोणी गिरमिटानं पाडावे तसे. एकाच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो बाहीनं पुसून काम करत होता.

मी म्हटलं, "ताराचंद, काही लाज?"

तो हात जोडून म्हणतो, "नत्थूजी, नाली तो सबकी एकच हाय. पानी सबका जाते."

सबका! चार पिढ्यांत आमच्या गल्लीत कोणाच्या हाताला भोक पडलं नाही, आणि हा म्हणतो सबका. मी एवढा ओरडलो की शेजारचा पानवाला दुकान सोडून पाहायला आला.

२४ एप्रिल

चिखल पिळून पिवळं पाणी घागरभर काढलं. मग आपल्या घरात जे जे आहे ते एकेका वाटीत टाकून पाहिलं. तुरटीनं काही झालं नाही. नुसत्या चुन्यानं काही झालं नाही. हिरड्यानं गढूळ झालं, पिवळं तसंच राहिलं. शेवटी हिराकस टाकली, लोखंडाचा तो हिरवट खार, आपला रोजचा, काळ्या रंगातला. पाहता पाहता पिवळं जाऊन हिरवं झालं. वरून चुना टाकला तर तांबूस गाळ खाली बसला आणि वरचं पाणी काचेसारखं स्वच्छ. त्यात पांढरं सूत रात्रभर भिजवलं, डाग नाही.

वाटी घेऊन विहिरीवर गेलो, सगळ्यांना बोलावून तिथंच पुन्हा करून दाखवलं. बायका पाहत राहिल्या. वसंत मागे उभा होता, त्याचा चेहरा उतरलेला. मी म्हटलं, बाप हुशार निघाला तर हसायला काय झालं रे तुले?

मग मी कमेटीला अर्ज लिहिला आणि यमुताईच्या ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचला. की हा चिखल विहिरीपासून हलवावा. काळी माती ठोकून वाफा करावा, त्यात चिखल पसरून हिराकस आणि चुना द्यावा, आणि गळणारं पाणी हौदात निवळल्याशिवाय तलावात सोडू नये. आणि शेवटचं कलम मी स्वतःच्या डोक्यानं घातलं: "ज्या कोणाचे हे पिवळे असेल त्याने चाळीस घरांसमोर उभे राहून तसे सांगावे, आणि विहीर स्वच्छ होईपर्यंत स्वतःच्या हाताने हा चिखल उपसावा." लोकांनी माना डोलावल्या. पहिली सही माझी. यमुताईचा अंगठा दुसरा. वसंत सहीला सापडला नाही, सूत पोचवायला गेला म्हणे.

३० एप्रिल

कमेटीच्या सदर भागातल्या हापिसात चौथा चक्कर. साहेब जेवायला गेले, साहेब दौऱ्यावर गेले, साहेब आहेत पण फाईल नाही, आज फाईल आहे पण शिक्का नाही. मी बाकावर बसलो ते उठलोच नाही. संध्याकाळी मनोहररावच मला पाहून ओशाळले. म्हणाले, "अर्जासोबत दिलेली तुमची पाण्याची बाटली केमिस्टनं तपासली. क्रोम म्हणतात त्याला. जहर आहे. इलाज तुम्ही सांगितला तोच बरोबर निघाला."

मंग आता?

"आता असं करा, जागा अन् चुना मी देतो. बाकी मंजुरी यायला दिवाळी होईल."

म्हणजे जहर आहे हे मान्य, इलाज मान्य, आणि मंजुरी दिवाळीला. मृग काय तुमच्या शिक्क्यासाठी थांबणार आहे? ओव्हरसिअरवर मी हात उगारला नाही, याचं श्रेय जिजाबाईला. निघताना तिनं बजावलं होतं.

५ मे, रविवार

कमेटीची वाट पाहणं सोडलं. गल्लीनंच वाफा बांधला. विहिरीपासून दोनशे पावलं दूर, पडीक जागेत. तळाला काळी माती पाणी शिंपडून धुमसानं ठोकली, बाजूनं बांध घातला, उताराला हौद. मनोहररावांनी चुन्याच्या गोण्या पाठवल्या, तेवढा शब्द पाळला. हिराकस प्रत्येक रंगाऱ्यानं आपापल्या घरून आणली. उघड्या पायानं कोणी उतरायचं नाही, दाताळ्यानं आणि फावड्यानंच चिखल फिरवायचा, असं मी सांगितलं.

सगळ्यात जास्त कोण राबलं असेल तर वसंत. पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत. त्याला म्हटलं, थांब जरा, तर मान हलवतो आणि पुन्हा फावडं उचलतो. हाताला चिंधी बांधलेली होती. जिजाबाईनं सोडून पाहिली तर बोटावर दोन जखमा, गोल, खोल. चुन्यानं खाल्लं असन, मी म्हटलं. तिनं खोबरेल लावून दिलं. बापाचा मान राखतो पोरगा, एवढं खरं.

११ मे

वाफा चालतो. पहिल्या दिवशी चिखल दाबला की पिवळं गळायचं, हिराकसचं पाणी देऊन दोनदा फिरवलं की हिरवट, चुना दिला की बंद. हौदातलं पाणी मी रोज पांढऱ्या बशीत पाहतो. विहिरीजवळचा ढीग निम्मा उचलला.

वसंतनं आज विचारलं, "बाबा, नुसत्या पाण्याले किती हिराकस लागन? चिखल नसन तं?"

मी म्हटलं, "तू चिखलाचं पाहा. नुसतं पाणी कोण घेऊन बसलं इथं?"

त्यानं फावडं उचललं. काल त्याच्या नाकातून रक्त आलं, उन्हाचं. जिजाबाईनं कांदा फोडून हुंगवला. पण एक सांगतो, या कामाच्या नादात पोरगा बेफिकीर झाला आहे. नांदेवरचं झाकण अर्धं सरकलेलं ठेवून निघून जातो. मी तोंड फिरवून, हातानं चाचपत ते नीट बसवलं. आज दुसऱ्यांदा. कायदा म्हणजे कायदा, तो घालून देणाऱ्यानं पाळायचा असतो.

१७ मे

ताराचंद वाफ्यावर आला. म्हणाला, "नत्थूजी, मैंने नाली बंद कर दी. आत पक्की टाकी बांधली, तुमचीच तरकीब, हिराकस आणि चुना. येऊन पाहून घ्या."

पाहून आलो. टाकी खरी आहे. पण मी त्याला बसू दिलं नाही. म्हटलं, टाकी बांधली म्हणजे पाप फिटलं का? अर्जातलं शेवटचं कलम वाचलं नाही वाटते. तो म्हणाला, "वाचलं. फक्त माझंच असन तर मी उभा राहतो. मालूम करून सांगा."

पाहा याची हुशारी. फक्त माझंच असन तर! दुसरा कोण आहे इथं?

वसंतचं झाकण आज पुन्हा सरकलेलं. मी घरी आल्यावर त्याला चार लोकांत झापलं. ऐकून घेतलं त्यानं.

२६ मे, रविवार

नऊ दिवस झाले ताराचंदची नाली बंद आहे म्हणे, आणि आज विहिरीच्या बाजूला नालीचा तळ खरवडला तर पाणी पिवळंच. ताजं पिवळं, जुनं नाही. जुना रंग आणि ताजा रंग मला कळणार नाही तर कोणाला कळेल. लबाड माणूस चोरून सोडतो. बांधलेली टाकी दाखवायची, आणि खालून सोडायचं. बशीत विहिरीचं पाणी पाहिलं, झाक गेली नाही, वाढलीच आहे थोडी. यमुताईनं आजपासून पिण्याचं पाणी भरू देणं बंद केलं. दोरी काढून घरात ठेवली. चाळीस वर्षांत ती दोरी रहाटावरून उतरलेली मी पाहिली नव्हती.

बायका हंडे घेऊन सडकेच्या नळावर गेल्या. जिजाबाई तीन खेपा करून आली आणि ओट्यावर बसून राहिली.

२८ मे

आज जे पाहिलं ते लिहून ठेवतो.

नालीतलं पिवळं पाणी पुरावा म्हणून मी मडक्यात भरून परसात ठेवलं होतं. जिजाबाईला काय माहीत. तिनं नुसत्या कातात रंगवलेली एक फिकी लड त्यातच भिजत टाकली, साधं पाणी समजून. सकाळी लड काढली तर कत्थई. फिका नाही, पक्का कत्थई. धुतली, उतरला नाही. उन्हात धरली, डोळ्यापाशी नेली. साऱ्या नागपुरात या छटेचं सूत एकाच घरातून निघते. हा वसंतचा कत्थई आहे.

म्हणजे ताराचंद नुसता विहीर नासवून थांबला नाही, त्यानं माझ्या पोराची विद्याही चोरली. कोणीतरी झाकण उचललं. माझ्या बापाच्या घरी झालं तेच माझ्या घरी. उद्या त्याचा हिशोब करतो. पानाला लडीचा तुकडा बांधून ठेवला आहे.

२९ मे

कारखान्यात जाऊन मी ती लड ताराचंदच्या तोंडासमोर धरली. चोरा, म्हटलं, माह्या पोराचा रंग तुह्या पाण्यात आला कसा?

त्यानं लड हातात घेतली, उलटसुलट पाहिली. मग मला म्हणाला, "तुमच्या घरची फिकी लड आहे का आणखी?" होती माझ्या खांद्यावर, फरक दाखवायला नेलेली. ती त्यानं आपल्या टाकीत बुडवली आणि आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. थोड्या वेळानं काढली. कत्थई.

"विद्या नाही चोरली मी," तो म्हणाला. ओरडला नाही, याचा मला अजून राग येतो. "हे लाल खडे आहेत. ज्याच्यानं दांड्याले चकाकी येते, त्याच्यानंच कात पक्का होते. आम्ही दोघं एकाच दुकानातून घेतो. वसंतले विचारा."

मी त्याला शिव्या दिल्या. मोठ्यानं दिल्या. आणि परत येताना प्रत्येक पावलाला एकेक गोष्ट समोर येत गेली. चिंधी. गोल जखमा. कांदा. नुसत्या पाण्याले किती हिराकस लागन, बाबा. गल्ली तीनशे पावलांची आहे, ती मला आज संपता संपेना.

३१ मे

दोन दिवस झाले. परसात जातो, नांदेपाशी उभा राहतो, परत येतो. साऱ्या गावाच्या टाक्यांत मी डोकावून आलो. सदरच्या हापिसातली टेबलं आपटली. ताराचंदच्या कारखान्यात न विचारता घुसलो. आणि माझ्या घरापासून दहा पावलांवरच्या लाकडी झाकणाला हात लागत नाही. कायदा म्हणे. कशाचा कायदा? नत्थूजी, लेका, तू झाकण तीन वेळा नीट बसवलंस. तूच. डोळे मिटून.

जेवलो नाही. जिजाबाईनं ताट झाकून ठेवलं तर त्या झाकलेल्या ताटाचाही राग आला.

२ जून, रविवार

उचललं.

आत नारिंगी-पिवळं पाणी, काठोकाठ. मागे वळलो तर वसंत दारात उभा. पळाला नाही.

मी विचारलं, "कधीपासून मालूम होतं तुले?"

"तुम्ही विहिरीवर वाटीत हिराकस टाकली त्या दिवशीपासून. त्याच्या आधी खरंच नाही, बाबा. मले वाटे, पाणी हाय, वाहून जाईन."

"मंग बोलला काहून नाही?"

"बोलणार होतो. तुम्ही तवाच ओट्यावर चढून अर्ज वाचला, अन् सगळे माना हलवून राहिले होते. माही जीभच नाही उचलली. नांदेतलं तं आपल्या घरी सांगतबी नाहीत." त्यानं नांदेकडे बोट केलं. "शिळं पाणी हिराकस टाकूनच सोडत होतो मी तेव्हापासून. खड्याच्या बरोबरीनं टाके. पिवळं पुरं जात नव्हतं. माप मालूम नव्हतं मले."

माप माझ्याजवळ होतं. मी वाट्यांवर काढलं होतं, मागच्या पानांवर कुठेतरी खरडलेलं आहे. त्या हिशोबानं एक भाग खड्यांना सहा भाग हिराकस. त्यानं विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, नुसतं पाणी कोण घेऊन बसलं.

"अन् झाकण?" मी म्हटलं. "रोज सरकवून जात होता तू."

"तुम्ही पाहान म्हणून." आता त्याचा आवाज फुटला. "एक बार तरी पाहान असं वाटे. मी आडून उभा राहत होतो. तुम्ही डोळे मिटून लावून टाकत होते."

आठ वर्षांच्या पोराला मी जी कानफटात दिली होती, ती आज बावीस वर्षांनी माझ्या गालावर बसली. हिराकसची गोणी ओढली आणि आम्ही दोघांनी माप धरून टाकली, एकाला सहा. पाणी हिरवं झालं. मग चुना. तळाशी बसेपर्यंत तिथंच बसून राहिलो. जिजाबाईनं पोराचे हात धुऊन त्याला डागदराकडे नेलं.

३ जून

यमुताईच्या ओट्यावर उभा राहिलो. त्याच जागी. चाळीस घरं नव्हती, पण पंचवीस-तीस होती. ताराचंदला निरोप पाठवला होता, तोही आला, कोपऱ्यात उभा राहिला. वसंत माझ्या बाजूला येऊ लागला, त्याला मी मागे सारलं. अर्ज माझा होता, सही पहिली माझी होती.

मी म्हटलं, "पिवळं ज्याचं हाय तो सापडला. एक ताराचंद, त्यानं आपलं बंद केलं. अन् दुसरा मी. माह्या घरच्या नांदेतून येत होतं. ताराचंदनं बंद केल्यावरबी येत होतं. मी त्याले लबाड म्हटलं, चोर म्हटलं, तुम्ही सगळ्याइनं ऐकलं. लबाड तो नव्हता."

लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ताराचंदनं माफीचा हात पुढे केला नाही, मीही अपेक्षा केली नाही. त्यानं ओट्याला टेकवलेलं एक फावडं घेतलं, आणि माझ्याकडे न पाहता वाफ्याकडे निघाला. यमुताईनं दुसरं फावडं माझ्या हातात दिलं. "अर्जात लिवलं हाय ना तुम्ही," म्हणाली, "आता करा."

घरी येऊन नांदांवरची सगळी झाकणं काढली. माझ्या बापाच्या हातचं सागवानी झाकणही. चुलीत घातली. आजपासून या परसात काय शिजते ते ज्याला पाहायचं त्यानं येऊन पाहावं.

६ जून

विहिरीजवळचा ढीग संपला. शेवटचं घमेलं ताराचंदनं उचललं, त्याखालची हातभर माती मी खरवडून काढली आणि वाफ्यात टाकली. वर आभाळ भरलेलं आहे. मनोहरराव येऊन पाहून गेले, म्हणाले मंजुरी येते आहे. मी म्हटलं, सावकाश येऊ द्या. मला आता त्यांच्यावर ओरडायला तोंड उरलेलं नाही, पण सांगतो, दोष माझा निघाला म्हणून त्यांचा शिक्का शहाणा ठरत नाही.

११ जुलै

पाऊस पाच आठवड्यांचा झाला. वाफ्यावर गवताच्या झापड्या घातल्या होत्या, बांध टिकला. सुकलेला चिखल काळ्या मातीच्या खड्ड्यात पुरला. तो वावरात द्यायचा नाही, रामाजीला मी तसा निरोप पाठवला. नालीतलं पाणी बशीत पांढरं दिसते. विहिरीतली झाक मात्र आहे. केमिस्ट म्हणाला, जमिनीत गेलेलं हळूहळू येते, पोळ्यापर्यंत उपसत राहा, पिऊ नका. दर आठवड्याला विहीर उपसून ते पाणी हौदात घालतो, माप टाकतो, निवळल्यावर सोडतो. वसंतच्या बोटांच्या जखमा भरल्या, खळगे राहिले. कत्थई बंद आहे. लोक विचारतात, आम्ही नाही म्हणतो.

जिजाबाईच्या खेपा मी घेतल्या. यमुताईच्याही. तिचे गुडघे सडकेपर्यंत जात नाहीत, म्हणून रोज सकाळी दोन हंडे मी तिच्या दारात नेऊन ठेवतो. महिनाभर झाला, एक शब्द बोलली नाही. हंडा उचलायची, पांढऱ्या बशीत थोडं ओतून पाहायची, आणि आत जायची. नळाचं पाणी, तरी पाहायची. मी उभा राहायचो.

आज नळावर गर्दी होती. पोचलो तेव्हा ती दारातच बसली होती. बशीत पाहिलं, बशी उपडी केली आणि म्हणाली, "नत्थूजी, उद्या लवकर या. आज चुलीवर आंधण ठेवायले उशीर झाला मले."